दोनाच्या वर, तीनाच्या खाली

९ जानेवारी

वर्तमानपत्राच्या कचेरीकडून दर वर्षी एक डायरी मिळते आणि दर वर्षी ती फोनशेजारी पडून नंबर टिपण्यात आणि फोन लांबला की फुलं-पानं काढण्यात खर्ची पडते. यंदा तिचं पहिलं पान मी इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितो आहे. इथे वाचायला ‘शांतता राखा’ एवढाच मजकूर आहे आणि त्यात सुधारण्यासारखं काही नाही.

आमची ही पियानो लावते. म्हणजे वाजवत नाही. वाजवणाऱ्यांच्या उतरलेल्या तारा सुरात आणून देते. काल एका शाळेतला पियानो लावून आली ती लंगडत. ‘बूट घट्ट झालाय’ म्हणाली. मी बूट पाहिला. बूट बिचारा होता तसाच होता, पाय वाढला होता. उजवी पोटरी डावीच्या दीडपट, आणि हात लावला तर गरम.

पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर, असं म्हणून इथले तरुण डॉक्टर थांबले. वाक्य अर्धवट सोडण्याची पद्धत मला एरवी खपत नाही. आज पूर्ण करा म्हणायचा धीर झाला नाही.

गेली दोन वर्षं हिचे सांधे दुखायचे, ते आम्ही वयाच्या नावावर घातलं. थंडीत बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडायची, मग निळी, मग लाल. ते हवेच्या नावावर. आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाली यायची, तिचं तर मी कौतुक केलं होतं, दोन उपमा आणि एक उत्प्रेक्षा खर्च करून. आज मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तीच लाली पाहिली आणि अलंकार न वापरता रक्ताच्या सहा तपासण्या लिहून दिल्या.

१३ जानेवारी

निदान झालं. रोगाचं नाव ल्युपस, आणि त्याच्या जोडीला रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं. शाळा-कॉलेजात संस्कृत घेतल्यामुळे याहून लांब समास मी सोडवले आहेत, पण ते कुणाच्या शिरेत अडकत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी फौज असते, ती परक्यांना सोडून आपल्याच माणसांवर उठते. रक्तवाहिन्यांना आतून गुळगुळीत अस्तर असतं म्हणून रक्त सुखाने वाहतं. ही फौज त्या अस्तरालाच शत्रू समजते. अस्तर सुजतं, खरबरीत होतं. रक्ताला वाटतं, इथे जखम झाली आहे, आणि जखम नसताना ते गोठायला लागतं. पांढरी पडणारी बोटं आणि पायातली गुठळी या दोन बातम्या, पण भानगड एकच.

मी म्हटलं, “म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.”

“अगदी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हिने माझ्याकडे ‘झालं?’ अशा नजरेने पाहिलं.

औषधं दोन. एक त्या फौजेला आवरायची, दुसरी रक्त पातळ करायची. पातळ करत नाही, गोठायला वेळ लावते, अशी दुरुस्ती बाईंनी केली. मला दुरुस्त करणारं माणूस घराबाहेर क्वचित भेटतं. या दुसऱ्या गोळीचा हिशेब मोठा नाजूक. आयएनआर म्हणून रक्ताचा एक आकडा असतो, तो दोनाच्या वर आणि तीनाच्या खाली राहायला हवा. दोनाखाली गेला तर गुठळी, तीनाच्या फार वर गेला तर रक्तस्राव. सारखं रक्त तपासावं लागत नाही अशा नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या का नकोत, असं मी विचारलं, कारण वार्ताहराने एक तरी प्रश्न विचारावा. या दुखण्यात जुनीच गोळी जास्त भरवशाची, असं उत्तर मिळालं.

मग “आता जेवणाखाण्याचं सांगते” असं म्हणून त्या हिच्याकडे वळल्या. स्वयंपाकघर हे हिचं खातं, तेव्हा मी गाडी दारात आणायला खाली गेलो.

१७ जानेवारी

हिने फार वेळ उभं राहायचं नाही आणि फार वेळ बसायचंही नाही, अशी आज्ञा आहे. या दोहोंच्या मधलं आसन कोणतं ते ठरेपर्यंत स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं आहे. बटाटे उकडले. खरपूस झाले. उकडलेला बटाटा खरपूस कसा होतो, असं हिने शास्त्रीय कुतूहलाने विचारलं. पातेल्यातलं पाणी आटलं होतं.

खरी काळजी वेगळीच आहे. दूरच्या एका शहरात एप्रिलमध्ये तरुण वादकांची मोठी स्पर्धा आहे, आणि आठवडाभर तिथले पियानो लावायला हिला बोलावलं आहे. दुखणं यायच्या आधीचं निमंत्रण. सगळं आयुष्य हिने शाळांचे, हॉटेलांचे आणि ज्यांच्या घरी पियानोवर फक्त फोटो ठेवतात अशांचे पियानो लावले. आता पहिल्यांदा तिने लावलेला सूर कुणीतरी कान देऊन ऐकणार होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निघायच्या आधीच्या सलग तीन तपासण्या दोन ते तीनमध्ये आल्या तर जा. नाहीतर दिवसभर आगगाडीत बसायला मी पाठवणार नाही. हिने मान हलवली. घरी आल्यावर तारा पिळायची किल्ली पिशवीतून काढली, पुसली आणि परत पिशवीत ठेवली. एवढंच केलं.

२५ जानेवारी

आकडा २.३. आल्या आल्या प्रथम श्रेणी.

पण ही फिकट दिसते. घरात अष्टौप्रहर रक्ताचा विषय चालू असताना रक्त वाढवणारं काही पोटात जायला नको का? पालक आणला. आमच्या घरी पालेभाजी येत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने “मी काय शेळी आहे?” असा प्रश्न विचारला होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. साम, दाम आणि दंड हिच्यापुढे चालत नाहीत हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे मी थेट चौथ्या उपायाकडे वळलो. पालक उकडला, मिक्सरमधून काढला, सूपमध्ये घातला.

“हिरवं कशाने झालंय?”

“मटार.”

दोन वाट्या प्यायली. या वेळचे मटार गोड आहेत, म्हणाली. मी विनयाने मान झुकवली.

२ फेब्रुवारी

आकडा १.७. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली. सुरुवातीला असं होतं, म्हणाल्या.

औषध कमी पडतं तिथे अन्नाने हात द्यावा. आता सूपच नव्हे, तर कटलेट, आमलेट आणि बटाट्याचा लगदा या सर्वांत पालक जातो. जोडीला कोबीची बाहेरची गर्द हिरवी पानं, जी लोक अज्ञानाने फेकून देतात. सगळं मटारांच्या नावावर. मला वाटायचं स्वयंपाक अवघड असतो. तसं नाही. वार्तांकनासारखाच आहे, मूळ गोष्ट इतकी बारीक करून मिसळायची की कुणाला ओळखू येऊ नये.

१० फेब्रुवारी

आकडा १.५. गोळी पुन्हा वाढवली. गोळी चुकवत तर नाही ना, असं डॉक्टरीणबाईंनी हिला विचारलं. परतताना गाडीत ही खिडकीबाहेर बघत होती. जी बाई एका तारेचा केसभर फरक सोडत नाही, तिला गोळी चुकवता का म्हणून विचारायचं.

मी तपास हाती घेतला आहे. उगाच नाही मी नगरपालिकेतल्या गैरव्यवहारांवर उमेदीची वर्षं घालवली. संशयित तीन. पहिली, प्रयोगशाळा. तिथे जाऊन मी यंत्राची चौकशी केली. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दुसरी, गोळी. दुसऱ्या दुकानातून आणून पाहिली. तिसरी, धाकटी मेहुणी. ही जास्त भरीव शक्यता आहे. कुठलीही जडीबुटी गुणकारी असते, फक्त ती तिने आणलेली असावी लागते. गेल्याच आठवड्यात ती ताईसाठी कसल्याशा वाळक्या पानांचा चहा घेऊन आली होती.

आज तिला उभे-आडवे प्रश्न विचारले. ती म्हणाली, “भाऊजी, तो चहा ताईने पहिल्याच दिवशी कुंडीत ओतला. झाडाला विचारा.” झाड वाळलेलं आहे, हे मी नोंदवून ठेवतो.

१५ फेब्रुवारी

सकाळी हिला गोळ्यांची पट्टी मोजताना सापडलो. हिच्या गोळ्या, मोजत मी. “पाळत ठेवताय माझ्यावर?” एवढंच म्हणाली आणि पियानोपाशी गेली. हिचा आवाज चढत नाही, उतरतो. आणि तो उतरला की मी चढ्या आवाजाची वाट बघत बसतो.

तासाभराने मीच चहा घेऊन गेलो. हातात बोटं उघडी असलेले लोकरी मोजे घालून ती घरच्या पियानोची एक तार लावत होती. ही तार सारखी उतरते म्हणाली. मी म्हटलं, मग जोरात पिळ. तर म्हणाली, नुसती पिळत गेलं की एक दिवस तुटते. तार उतरली की आधी बघायचं, खोलीत काय बदललं. कुणी खिडकी उघडी ठेवायला लागलं का, शेगडी हलवली का, कुंड्या जवळ आणल्या का.

मी म्हटलं, हे छान आहे, मी कधीतरी लेखात वापरीन. तिने चहा घेतला. रुसवा संपला असावा. दुपारच्या सूपमध्ये मी एक जुडी जास्त घातली, प्रायश्चित्त म्हणून.

२१ फेब्रुवारी

आज विनोद सुचत नाही.

न्याहारीच्या वेळी हिच्या उजव्या हातातून चमचा पडला. उचलायला वाकली नाही, बघत राहिली. मला हाक मारायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. दोन अक्षरांचं ‘अहो’. इतकी वर्षं न शोधता सापडणारं, ते तिला सापडेना.

इस्पितळ गाठेपर्यंत हात हलू लागला होता. गाडी फाटकातून आत शिरताना ‘अहो’ आलं. त्याच्या मागोमाग, “गॅस बंद केलात का?” मी गाडी तशीच मधोमध उभी करून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. वाजवू देत.

मेंदूच्या चित्रात काही दिसलं नाही. एखादी बारीक गुठळी अडकली असेल आणि विरघळली असेल, म्हणाले. आकडा १.४. गोळी आणखी वाढवली आणि आकडा वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, एवढ्या गोळीला आकडा वर यायलाच हवा होता, कुठे पाणी मुरतंय ते कळत नाही.

स्पर्धेचं नाव आज कुणी काढलं नाही.

२७ फेब्रुवारी

आकडा २.१. इंजेक्शनं बंद. ही गुणगुणायला लागली आहे.

आणि नेमकं आजच संपादकांनी मला पकडलं. शेजारच्या जिल्ह्यात एक नवा पूल उद्घाटनाआधीच खचला, त्याची चौकशी आहे, आठवडाभर तिथे राहून बातम्या पाठवायच्या. मी नाही म्हणणार होतो. हीच म्हणाली, जा. तुम्ही घरात असलात की माझ्या चेहऱ्याकडे असे बघता की मला आरशात जाऊन खात्री करावी लागते.

मेहुणी राहायला येणार आहे. मी आठवड्याचं सूप करून फ्रिजमध्ये भरून ठेवतो म्हटलं, तर शिळं खाऊन माणसं आजारी पडतात, असं म्हणून तिने मला चूल सोडायला लावली. नाइलाज आहे. आठवडाभर हिच्या पोटात काही सकस जाणार नाही, मेहुणीच्या हातचा भात आणि सल्ला तेवढा जाईल. जडीबुटीचा एक कणही ताईला द्यायचा नाही, अशी मी तिच्याकडून शपथ घेतली. तिने ती फारच हसत घेतली.

५ मार्च

चौकशीत आजपर्यंत अकरा साक्षी झाल्या. प्रत्येकाने पुलाची काळजीच घेतली होती. कुणी ज्यादा सिमेंट घातलं, कुणी पाणी, कुणी आणखी काही, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. इतक्या काळजीने तो पूल बसला. हा मथळा संपादक कापतील, पण मला आवडला आहे.

दुपारी मेहुणीचा फोन. ताईच्या दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय, आणि दंडावर काही लागलं नसताना बशीएवढा निळा डाग पडलाय. मी विचारलं, “काय पाजलंस?” पलीकडे दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “भाऊजी, मी तिला घेऊन निघालेय. तुम्ही या. भांडण आल्यावर करू.”

मी पूल तसाच खचलेला सोडून निघालो.

७ मार्च

आकडा ५.४ होता. गोळी बंद केली आहे, रक्त कुठे आतमध्ये गेलेलं नाही, धोका टळला. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहायला मन धजत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मेहुणी माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याविरुद्ध मुद्दे मनात जुळवून ठेवले होते, पण आधी ही बोलली. म्हणाली, “तार उतरली की मी बघते, खोलीत काय बदललं. गोळी तुम्ही बदललीत, पण ते नंतर. त्याआधी एकच बदल झालाय. मी स्वयंपाक करायचे, मग हे करायला लागले. हे करत होते तोवर आकडा खाली. हे गावाला गेले, आकडा वर.” मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, “अहो, तुम्ही मला काय खायला घालता?”

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. शेवटी कुणीतरी विचारलं. मी सगळं सांगितलं. पालक, कोबीची गर्द पानं, सूप, कटलेट, आमलेट. एक दिवस खाडा नाही. आकडा उतरला की जुडी वाढवत होतो, हेही सांगितलं. प्रामाणिकपणे सांगितलं की हिला रुचत नाही म्हणून मटारांचं नाव पुढे केलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. समोरचं पाणी उचललं आणि बराच वेळ प्यायल्या.

मग जे कळलं ते असं. गडद हिरव्या पाल्यात ‘के’ नावाचं जीवनसत्त्व असतं. रक्त गोठायला लागणारा माल शरीर त्याच्याच जोरावर तयार करतं, आणि ही गोळी नेमका त्यालाच अडसर घालते. पुढच्या दाराला गोळीचं कुलूप होतं, आणि मी मागच्या दाराने जुड्यांनी माल आत टाकत होतो. आकडा उतरला की बाई कुलूप मोठं करायच्या आणि मी जुडी. मग मी गावाला गेलो, पाला एका दिवसात बंद झाला आणि नुसतं भलंमोठं कुलूप उरलं. रक्त गोठायचंच विसरलं.

“पालेभाजी वाईट नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खा, नका खाऊ. पण रोज तेवढीच. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“मला सांगितलं होतंत,” ही म्हणाली. “मी म्हटलं, मी खातच नाही, म्हणजे रोज तेवढीच झाली. हे तेव्हा गाडी आणायला गेले होते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून ‘पालक’ असं लिहून घेतलं. मग ही म्हणाली, “कुंपण घरातच होतं म्हणायचं.”

मेहुणी तोवर दम धरून होती. बाहेर पडल्यावर तिने चोर सोडून संन्याशाला फाशी, काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशा दोन म्हणी एका श्वासात ऐकवल्या. दोन्ही चपखल होत्या. एरवी मी दाद दिली असती.

८ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन केला. तो चमचा माझ्यामुळे पडला का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, आकडा खाली नसता तर कदाचित पडला नसता. पण तिच्या रक्तवाहिन्यांशी भांडण तुम्ही लावलेलं नाही. ‘कदाचित’ हे अव्यय मी आयुष्यभर बातमीत सैल हाताने वापरत आलो. एवढं जड असतं हे ठाऊक नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि हिला म्हटलं, “मी राजीनामा देतो.”

“नामंजूर,” ती म्हणाली. “सूप वाईट नव्हतं.”

मग तिने आपला विचार सांगितला. पालेभाजी अजिबात बंद, की रोज ठराविक, असे दोन मार्ग बाईंनी दिले आहेत. ही शेळी व्हायला तयार आहे. रोज दुपारी एक वाटी पालक, उघडपणे, मटार न म्हणता. मी थक्क झालो. तर म्हणाली, “शून्यावर पहारा ठेवता येत नाही, तुम्ही कुठून तरी काहीतरी आत घालालच. वाटी डोळ्यांना दिसते.”

तिने फडताळातून एक छोटी स्टीलची वाटी निवडली. काठाबरोबर सपाट, शीग नको, असा तह झाला. गोळीचं माप बाई त्या वाटीवर बसवणार आहेत. मेहुणीने तहात एक कलम घुसवलं: भाऊजींनी आठवडाभर तिच्या वाळक्या पानांचा चहा प्यायचा. आज पहिला कप घेतला. झाडाबद्दलचं माझं मत बदललं. ते बिचारं स्वेच्छेने गेलं असणार.

१५ मार्च

आकडा २.८. एक झाला.

२२ मार्च

२.४. दुसरा. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, जणू आकडा दचकून उडून जाईल. हिने पिशवीतली अवजारं काढून टेबलावर मांडली आहेत. किल्ली, शेजारच्या तारा मुक्या करायच्या लोकरीच्या पट्ट्या, सूर जुळवायचा काटा. मी विचारलं, जायची तयारी? म्हणाली, धूळ झाडते.

२९ मार्च

२.५.

डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि हिच्याकडे बघून म्हणाल्या, “जा, लावा तुमचे पियानो.” अटी भरपूर. पायांत घट्ट मोजे, गाडीत तासाला एकदा उठून चालायचं, पाणी प्यायचं, तिथे पोचल्यावर रक्त तपासून आकडा कळवायचा, हात गार पडू द्यायचे नाहीत. आणि भाजीची वाटी. शेवटची अट सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची सभ्यता.

जिन्यात ही एक पायरी थांबली, माझा हात धरला आणि पुन्हा उतरू लागली.

वाटी रोज मीच भरतो. सपाट म्हणजे नक्की किती सपाट, याबद्दल माझा किंचित मतभेद आहे. काठापाशी थांबलेली वाटी अर्धवट वाटते, जराशी फुगून वर आली म्हणजे भरली असं दिसतं. ही जेवायला बसते, पहिला चमचा वाटीवरून आडवा फिरवते आणि निघेल तो पाला माझ्या ताटात टाकते. तुम्हीही खा, म्हणते. पालेभाजीची तिला अशी गोडी लागेल की ती वाटून खावीशी वाटेल, हे मला कधी खरं वाटलं नसतं.

११ एप्रिल

आगगाडीत दर तासाला आम्ही दोघं डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. तिसऱ्या फेरीला लोकांनी पाय आखडून घ्यायला सुरुवात केली, पाचव्या फेरीला एक आजोबा आमच्याबरोबर उठले. त्यांचंही काही दुखणं होतं असं नाही, सोबत मिळाली म्हणाले. सहाव्या फेरीला आम्ही चौघं होतो.

इथे सभागृह मोठं आहे आणि थंड आहे. हिने पहिलं काम केलं ते खिडक्या कुठून उघडतात ते बघण्याचं.

१५ एप्रिल

आज पहिली फेरी. मी मागच्या रांगेत, मांडीवर पिशवी. पिशवीत वाटी, झाकणाच्या डब्यात उकडलेला पालक, थर्मासमध्ये गरम पाणी हिच्या हातांसाठी.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी हिने मला मंचावर बोलावलं आणि एक पट्टी दाबली. एका सुराला आतमध्ये तीन तारा असतात. त्यातली एक तिने मुद्दाम किंचित उतरवली. आवाज थरथरायला लागला, उकळत्या पाण्यावरच्या झाकणासारखा. मग किल्ली इतकी हळू फिरवली की मला तिचं मनगट हललेलं दिसलं नाही. थरथर मंदावली, लांबली, आणि गेली. “आता?” तिने विचारलं. मी म्हटलं, आता तर काहीच ऐकू येत नाही, नुसता सूर येतो. ती समाधानाने मागे सरकली. बोटं गुलाबी होती.

नंतर एक मुलगी आली, पियानोपुढे दिसेनाशी होईल एवढी. वाजवायला लागली आणि तिसऱ्या-चौथ्या सुरावर थबकली. चुकली नव्हती. हात वर ठेवून तिने पियानोकडे पाहिलं, जसं आपण अनपेक्षितपणे आपलं नाव घेणाऱ्याकडे पाहतो. मग पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागली, अगदी वेगळं. ही विंगेत उभी होती. तिने डोळे पुसले नाहीत, पण हातमोजे काढून हातात घट्ट धरले होते.

मधल्या सुट्टीत इथल्या प्रयोगशाळेतून आकडा आला. २.५. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून कळवला. वाटीचं माप आता माझ्या हातात इतकं बसलं आहे की डोळे मिटून भरतो, तरी तिळाचा फरक पडत नाही, हेही सांगितलं. माणूस कुठल्याही वयात शिकू शकतो.

मागून हिच्या हसण्याचा आवाज आला. ती विंगेतल्या खोक्यावर बसून जेवत होती. पहिला चमचा वाटीवरून आडवा फिरवून निघालेला पाला तिने माझ्या डब्याच्या झाकणात टाकला होता. काय झालं म्हणून विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “खा.”